कोठीतला उपग्रह

"सर, पॉवर अजून वाढवून बघते," मी फोनवर म्हणाले.

"बघ. पण सोमवारच्या रिव्ह्यूपर्यंत जमलं नाही, तर केबलच टाकू," आमचे प्रमुख नायर सर म्हणाले. म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

मी बंगळुरूत उपग्रहांची आतली जोडणी डिझाइन करते. उपग्रहाच्या पोटात केबलचं जंजाळ असतं आणि त्याचं वजन नकोसं असतं. म्हणून तापमान मोजणारे सेन्सर वायरशिवाय, रेडिओवरून बोलते करायचे होते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावला आले, तेव्हा चार सेन्सर सोबत आणले. उपग्रह म्हणजे शेवटी धातूचा बंद डबा. घरात धानाची पत्र्याची कोठी रिकामीच होती, सेन्सर तिच्यात ठेवले.

कोठीतून निम्मे संदेश तुटके यायचे. रेडिओची पॉवर वाढवली. आणखीच बिघडलं. माझं डोकं तापलं.

तेवढ्यात बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. त्यांना ऐकू कमी येतं. एरवी बंगळुरूहून फोनवर मी ओरडायची, ते "बरं, बरं" म्हणायचे आणि दोन मिनिटांत आमचं आटपायचं.

"बाबा, वर बघा!" त्यांनी खाली पाहिलं. मी आणखी जोरात ओरडले.

"कायले ओरडून राहिली, पोरी?" बाबा शांतपणे म्हणाले. "वर पत्रा आहे. तू जेवढी ओरडते, तेवढा तो ओरडते. मी पत्र्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. एक शब्द बोलायचा, तो विरू द्यायचा, मंग दुसरा."

मला स्वतःची लाज वाटली. थेंब घातले आणि त्यांचा हात धरून जरा वेळ बसले.

मग कोठीकडे लक्ष गेलं. आतही हेच चाललं होतं. संदेश पत्र्यावर आपटून परत यायचा आणि तो विरायच्या आत पुढचा निघायचा. पॉवर वाढवली की प्रतिध्वनीही वाढायचा. मी पॉवर खाली आणली, संदेशाचा वेग कमी केला, मध्ये उसंत ठेवली. उपग्रहातल्या बॅटरीचं तापमान काही क्षणाक्षणाला बदलत नाही, सावकाश कळलं तरी चालतं. संध्याकाळपर्यंत एकही संदेश तुटला नाही.

रिव्ह्यूत तापमानाच्या केबल रद्द झाल्या. बाकीच्या केबल नायर सरांनी राहू दिल्या. चालायचंच. समोरच्याला कळत नसेल तर आवाजाआधी वेग कमी करावा, एवढं मी शिकले.

बंगळुरूहून बाबांना फोन केला. एकेक शब्द, सावकाश.

"आता बराबर ऐकू येऊन राहिलं," बाबा खूश झाले. "नवा फोन घेतला का?"

"हो, बाबा."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.