एक पाय रेषेच्या आत

एल्डनला मी चौदा वर्षं ओळखते, पण फक्त आवाजानं. आमच्या डनमोरच्या रेडिओवर दर रविवारी चर्च सुटलं की दोन तास फुटबॉलच्या, म्हणजे आमच्याकडच्या हातानं चेंडू झेलायच्या फुटबॉलच्या, गप्पा चालतात. लोक फोन करतात, डॉयल त्यांच्याशी बोलतो आणि कुणाला पुढे सोडायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे मी ठरवते. नियम एकच. नाव सांगा, गाव सांगा, आडनाव नको. आडनाव कळलं की रेडिओवरचं भांडण लोकांच्या दारापर्यंत जातं, आणि आयोवातल्या एवढ्याशा गावात ते कुणाला परवडतं?

"अगं, एल्डन बोलतोय. सोड मला पुढे, आज मी बरोबर आहे."

"तू कधी चूक होतास?"

"एकोणीसशे नव्वदमध्ये एकदा."

धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही. बहीण होती, ती ॲरिझोनात गेली आणि तिथेच वारली. राहता राहिली त्याची मतं. कॉलेजचा फुटबॉल हा खेळ आणि पगारी फुटबॉल ही नोकरी, हे पहिलं. पगारी खेळाडू सहसा चुकत नाहीत, म्हणून ते बघताना झोप येते. आमची पोरं हातातला चेंडू सांडतात, भर मैदानात रडतात आणि पुढच्या शनिवारी परत उभी राहतात. पगारी संघ मालकाची मर्जी फिरली की गाव बदलतो, कॉलेज कुठे जाणार? आता कॉलेजच्या पोरांनाही पैसे मिळतात, असं डॉयलनं चिडवलं की मात्र एल्डनला ऐकू येत नसे.

या मतांना दर शनिवारी खुराक मिळायचा तो तेरा नंबरच्या जागेकडून. कॉलेजच्या मैदानाच्या पूर्वेला, बाविसाव्या रांगेत, एल्डनची जागा बारा नंबरची. शेजारी तेरावर रस. एकतीस हंगाम दोघं मांडीला मांडी लावून बसले. रस पगारी फुटबॉलचा भक्त. मग कॉलेजच्या मैदानात कशाला येतोस, असं एल्डन दर वर्षी विचारायचा. "तुझं अज्ञान बघायला," असं रस दर वर्षी सांगायचा. कॉफीचा थर्मास रसचा, सूर्यफुलाच्या बिया एल्डनच्या. तीन वर्षांपूर्वी रसनं साखर सोडली तेव्हा एल्डननं वर्षभर त्याची टिंगल केली होती.

त्यांचं खरं भांडण एकाच गोष्टीवरून. रेषेजवळ हवेतला चेंडू झेलला, तर कॉलेजच्या नियमात खेळाडूचा एक पाय आत टेकला तरी झेल धरतात. पगारी खेळात दोन्ही पाय आत लागतात. एल्डन म्हणायचा, "उडी मारून आलेला पोरगा, एक पाय टेकवला हेच खूप. अजून काय जीव घेशील?" रस म्हणायचा, "माणूस दोन पायांवर उभा राहतो, गाढवा. एका पायावर बगळा." हे संभाषण एकतीस वर्षं चाललं. पाऊस, बर्फ, हार, जीत, कशानंही त्यात खंड पडला नाही.

या सप्टेंबरात पहिल्या सामन्याला तेरा नंबर रिकामा होता. एल्डननं रविवारी फोन केला, पण त्याचा आवाज बसलेला. पावसात भिजून गारठला होता. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या थर्मासातली कॉफी प्यायली, त्यामुळे स्वतःचा थर्मास त्यानं घेतलाच नव्हता. दुसऱ्या सामन्यालाही तेरा नंबर रिकामा. तिसऱ्यालाही. तिसऱ्या सामन्यानंतर एल्डननं मला खालच्या आवाजात विचारलं, "अगं, एखादा माणूस शोधायचा असेल तर काय करतात?"

"आडनाव काय त्याचं?"

"तेच तर माहीत नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे हे असंच असतं, मला त्यात नवल वाटलं नाही. मैदानावर माणूस नंबरानं ओळखतात. वर्षातले सहा-सात शनिवार शेजारी बसायचं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या, सामना संपला की गाड्यांकडे चालू लागायचं. फोन नंबर कशाला? शनिवारी भेटणारच की. एल्डनला माहीत होतं की रसचा उजवा गुडघा दुखतो, त्याची गाडी हिरवी आहे, तो नदीपलीकडून येतो. नदीपलीकडे नऊ गावं आहेत. तिकिटांच्या खिडकीवर तो जाऊन आला होता. तिथल्या पोरीनं गोड हसून सांगितलं की दुसऱ्याचं नाव देता येत नाही.

"एक उपाय आहे," एल्डन म्हणाला. "तो रेडिओ ऐकतो. फोन कधी करत नाही, पण ऐकतो. सोमवारपासून मनात भांडण जमवून शनिवारी माझ्यावर ओततो. मला पुढे सोड, आणि मी काय बोललो त्यावर हसू नकोस."

मी त्याला पुढे सोडलं. घसा खाकरून तो डॉयलला म्हणाला, "मला एक कबूल करायचंय. झेलाला दोन्ही पाय आतच हवेत. एक पाय म्हणजे लबाडी. पगारी लोकांचं बरोबर आहे."

डॉयलला ठसका लागला. एल्डनच्या तोंडून हे म्हणजे पाद्र्यानं वेदीवरून उतरून कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावण्यासारखं होतं. फोनच्या सगळ्या लाइनींचे दिवे पेटले. कुणी विचारलं, एल्डनला ताप आहे का? कुणी म्हणालं, म्हातारा विकला गेला. गोदामातले त्याचे जुने सोबती तर पाचजण मिळून एकाच फोनवर ओरडत होते. एल्डन सगळं ऐकून घेत होता. मी आतल्या लाइनवरून त्याला म्हटलं, "फोन ठेव आता, पुरे झाली शोभा."

"ठेवत नाही. हे ऐकून तो गप्प बसणार नाही. मेला असेल तरी उठून येईल."

तीन वाजायला दहा मिनिटं असताना एका बाईचा आवाज आला. नाव मार्ला, गाव नदीपलीकडचं ऑस्टिक.

"ते आत्ता एका पायावरून बोलले, ते बारा नंबरवर बसतात का?"

मी डॉयलला न विचारता दोन्ही फोन जोडले. तेव्हा जाहिरात लावायला हवी होती, तेही विसरले. सगळ्या गावानं ऐकलं.

"मी रसची मुलगी," मार्ला म्हणाली. "पप्पा मे महिन्यात गेले."

"मे महिन्यात," एल्डन म्हणाला.

"आम्ही तुम्हाला फार शोधलं. त्यांनी सांगितलं होतं, मातीला बारा नंबरला बोलवा. बारा नंबर म्हणजे कोण, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजनं नाव दिलं नाही."

"मलाही दिलं नाही," एल्डन म्हणाला.

"साखरेनं त्यांचा उजवा पाय गेला, फेब्रुवारीत. बाविसाव्या रांगेपर्यंत चढायचं कसं, याचीच काळजी करत होते. त्याच आठवड्यात पुढच्या हंगामाचं तिकीट मात्र भरून टाकलं. आणि तुमच्यासाठी निरोप ठेवला होता. म्हणाले, त्या बगळ्याला सांग, एक पाय पुरतो."

मी काचेपलीकडे डॉयलकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता. माझ्या कानात एल्डनचा श्वास येत होता. आम्ही अर्धा मिनिट रेडिओवर काहीच वाजवलं नाही. आमच्या धंद्यात अर्धा मिनिट फार असतं.

"मी मघाशी खोटं बोललो," तो शेवटी म्हणाला. "मला तसं वाटत नाही. तो फोन करेल म्हणून बोललो."

"मला कळलं होतं," मार्ला म्हणाली.

"एकतीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर भांडायला कुणी नाही."

मार्ला रडत होती, ते ऐकू येत होतं. तिनं विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

"क्विस्ट," तो म्हणाला, आणि वजनकाट्यावर शेतकऱ्याला आकडा सांगावा तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग रस्ता, घराचा नंबर, फोन, सगळं. आख्ख्या गावासमोर. चौदा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. आमच्या स्टेशनपासून त्याचं घर चार गल्ल्यांवर होतं.

"त्यांचं तिकीट माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय," मार्ला म्हणाली. "थर्मासही आहे. शनिवारी मी आले तर चालेल का? पण मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

"त्याला तरी कुठं कळत होतं," एल्डन म्हणाला.