नलूकाकूंची हिरवी साडी आणि कॅनबेराचं दार

काल नलूकाकू गेल्या, आणि त्या समोर निजलेल्या असताना आम्ही साडीच्या रंगावरून भांडलो.

हो, भांडलोच. खोटं कशाला लिहू?

सोसायटीतल्या बायकांनी हिरवी साडी, बांगड्या, ओटीचं सामान आणून ठेवलं होतं. तेवढ्यात साताऱ्याहून आलेला काकूंचा पुतण्या म्हणाला, "हिरवी कशी चालेल? आजोबांनी काकांचे दिवस घातलेत गावाला. आमच्यासाठी काका कधीच गेलेत."

कुणीतरी साडी परत पिशवीत ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

काकूंचे मिस्टर एअरफोर्सच्या बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये नेव्हिगेटर होते. माझे वडील, अण्णा, त्याच स्क्वाड्रनमध्ये फिटर. विमान कॅनबेरा. पासष्टला लढलेलं, एकाहत्तरलाही. त्याला 'हलकं बॉम्बर' म्हणतात.

"हलकं? बॉम्ब चढवायला या, मंग कळंल किती हलकं हाय ते," अण्णा अजून म्हणतात.

सानपाड्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला अण्णांचं युद्ध पाठ आहे. ब्लॅकआउटमध्ये चाचपडत बोल्ट आवळायचे. थंडीने बोटं पान्याला चिकटायची. आणि आपलं विमान परत आल्याशिवाय ग्राउंड क्रूपैकी कुणी जेवायचं नाही. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण कुणी मोडला नाही.

त्या विमानात पायलटची सीट अशी होती की हँडल ओढलं की सीटसकट माणूस बाहेर. नेव्हिगेटरला तशी सीट नव्हती. त्याने पॅराशूट लावून बाजूच्या दारातून आपली आपण उडी मारायची.

ते दार नीट बसलंय का, आतून उघडतंय का, हे बघायचं काम अण्णांचं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात एका संध्याकाळी अण्णांनी काकांच्या मागे ते दार लावलं. विमान पलीकडच्या एका धावपट्टीवर बॉम्ब टाकायला गेलं.

परत आलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत.

काहीच सापडलं नाही, म्हणून कागदोपत्री काका 'बेपत्ता'. काकूंनी कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. सासरच्यांनी नावं ठेवली. काकूंनी बॅग भरली, वाशीच्या शाळेत नोकरी धरली. अण्णा रिटायर होऊन जासईच्या कंटेनर यार्डात लागले, तेव्हा आमच्यासाठी शेजारच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट काकूंनीच शोधला.

दर भाऊबीजेला ओवाळून झालं की अण्णा विचारायचे, "वहिनीसाहेब, सायेबांचं काय कळलं का?"

"अजून काही नाही, शिंदे."

मग लाडू.

तर काल पुतण्या म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगा." काकांना शेवटचं बघितलेला माणूस तेच.

अण्णा भिंतीला धरून उठले.

"दार म्या लावलं व्हतं. चांगलं लावलं व्हतं, आतनं उघडंल असंच. सायेब भाईर पडलं असतील. कुठंबी असूंदेत, हायेत. न्हाईत असं मला कुणी दाखवलं न्हाई. हिरवीच नेसवा."

पुतण्याने मान डोलावली. चांगला मुलगा आहे तो. त्यानेच मग गजरा आणला.

साडी मी नेसवली. निऱ्या दोनदा चुकल्या. बायकांना वाटलं दुःखाने. दुःख तर होतंच.

पण काका गेलेत हे मला माहीत होतं.

आणि काकूंना ते त्या पहिल्याच आठवड्यापासून माहीत होतं.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला सांगितलं. मागून जाणाऱ्या विमानातल्या ऑफिसरने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. काकांचं विमान पडलं तेव्हा ते इतकं खाली होतं की ना पायलटला हँडल ओढायला वेळ मिळाला, ना काकांना उडी मारायला. त्या ऑफिसरने घरी येऊन काकूंना तसं सांगितलं.

"मग अण्णांना का नाही सांगितलंत?"

"त्याच दिवशी शिंदे आला होता गं. उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, वहिनीसाहेब, दार अडकलं तर नसंल? माझ्या हातनं काय राह्यलं तर नसंल? विशीतलं पोरगं. वेळच नव्हता म्हटलं असतं, तर त्याला पटलं नसतं. फिटर माणूस, आधी आपलाच हात तपासतो. मी कुंकू पुसलं असतं ना, तर ते दार त्याने जन्मभर स्वतःवर घेतलं असतं."

म्हणून काकूंनी त्या ऑफिसरला हे कुणालाही न सांगण्याची शपथ घातली. तो शब्दाला जागला.

मी चिडले. पेशंटच्या कॉटवर बसून चिडले.

"वेड्या आहात का? एका फिटरसाठी अख्खं आयुष्य?"

काकू हसल्या.

"फक्त त्याच्यासाठी कुठं? मलाही कुंकू पुसायचं नव्हतं. निमित्त मिळालं."

त्या हसल्या, आणि मला काही केल्या ते हसू विसरता येत नाहीये.

नवरा गेला की बाई निदान मोठ्याने रडते. शेजारणी येतात, पाठीवर हात ठेवतात. काकूंना तेवढंही मिळालं नाही. उलट दरवर्षी ओवाळून झाल्यावर अण्णांसमोर चेहऱ्यावर काही न दाखवता 'अजून काही नाही' म्हणायचं. कसं जमवलं असेल हो?

काल स्मशानातून येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "वहिनीसाहेबांच्या फ्लॅटवरची नावाची पाटी काढू दिऊ नगंस. सायेब आलं तर शोधत बसतील."

"नाही काढू देणार, अण्णा."

आता हे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

अण्णा फेसबुकवर नाहीत. पोस्ट फक्त मित्रमंडळींना दिसेल अशी ठेवली आहे. भेटायला जरूर या, अण्णांना बरं वाटेल. पण हात जोडून सांगते, यातलं एक अक्षरही त्यांच्यासमोर नको.

मग लिहिलं कशाला, असं विचाराल.

काकू, तुमचा नवरा गेला हो. इतक्या वर्षांत एकदाही कुणी त्यासाठी तुम्हाला भेटायला आलं नाही. म्हणून लिहिलं.

आज मी रडतेय. तुमच्यासाठी, आणि काकांसाठीही.

दोघांनाही माझा नमस्कार.