इंदुबाईंची आखणी

पेणमध्ये गोविंदाशेठच्या कारखान्यातला गणपती त्याच्या डोळ्यांसाठी नावाजलेला. "शेठ, बघतो कसा हो तुमचा गणपती!" असं गिऱ्हाईक म्हणालं की शेठ हसायचे आणि पुढची मूर्ती आतल्या खोलीत नेऊन बायकोसमोर ठेवायचे. डोळे आखायच्या इंदुबाई, तेही दार लावून. ओल्या रंगावर धूळ नको, असं बाहेर सांगायचं. आखणी बाईची आहे हे कळलं तर मूर्ती परत येतील, ही शेठना धास्ती. मुलं शाळेत बोलतील म्हणून त्यांनाही सांगितलं नव्हतं. इंदुबाईंनाही त्यात वावगं वाटलं नाही. दर भाद्रपदात सगळं पाण्यातच जायचं होतं.

शेठ गेले. काचबिंदूनं इंदुबाईंचा एक डोळा गेला, दुसऱ्यापुढे धुकं. त्या लेकीकडे, रोह्याजवळ वरशाला राहायला आल्या. शेजारची ऋतुजा कॉलेजात इतिहास शिकायची. पेणच्या प्रदर्शनासाठी ती कारखान्यांतल्या बायकांची कामं शोधत होती. तिच्यापाशी इंदुबाई आयुष्यात पहिल्यांदा ते बोलल्या.

"पण आजी, दाखवायला काही आहे?"

"हाय गो. नमुना हाय."

साचा ज्याच्यावरून काढतात ती मूर्ती विसर्जनाला जात नाही. इंदुबाईंच्या हातची तेवढी एकच उरली होती. त्यांनी आता कारखाना सांभाळणाऱ्या मुलाला, साईराजला, फोन केला. "फळीवरचा नमुना काढून ठेव. प्रदर्शनात मांडायचाय." बाकीचं मूर्तीसमोर उभं राहून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दोघी एसटीनं पेणला पोचल्या. नमुना कारखान्याच्या दारातच स्टुलावर मांडला होता. इंदुबाईंनी तोंड अगदी जवळ नेलं. ताज्या रंगाचा वास आला.

"काय केलंस रे ह्याला?"

"नवा केला. पॉलिश पेपर मारला, वरून रंगाची गन फिरवली. लोकांपुढं काय काळवंडलेला ठेवायचा? तूच ओरडायचीस ना, रंग मारल्याशिवाय बाहेर काढू नका म्हणून?"

"आणि डोळे?"

"मीच आखले. बाबांसारखे जमलेत का बघ."

ऋतुजाला राहवलं नाही. "दादा, ते डोळे आजींनी आखलेले होते. सगळे आजीच आखायच्या."

साईराज मोठ्यानं हसला. "आई? आई रंग कालवून द्यायची. काय गो आई, पोरीला काय काय सांगितलंस?" त्यानं गमतीनं बारीक ब्रश तिच्या हातात दिला. "घे, दाखव आखून."

इंदुबाईंनी ब्रश धरला. समोर गणपतीचं तोंड धुक्यात विरघळत होतं. हात पुढे गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी ब्रश स्टुलावर ठेवला.

"नाय रे. पोरीची चेष्टा केली."

मूर्तीखाली ठेवायचं कार्ड ऋतुजाच्या हातात कोरंच होतं. साईराज सांगू लागला, "मूळ आखणी, कैलासवासी गोविंदाशेठ. नंतर माझं नाव टाक."

"आणि आजींचं?"

"टाक ना. रंगकामात मदत."

ऋतुजानं विचारलं, "आजी, असंच लिहू?"

इंदुबाईंनी होकारार्थी मान हलवली.