अक्कांची मोजणी

मोजणी सुरू असली की किकवीच्या अक्का कुणालाच ओ देत नसत. जळालेल्या मोटारींत नवी तार भरणं हे त्यांचं काम. साच्यावर तांब्याची तार गुंडाळताना त्या प्रत्येक वेढा मोठ्यानं मोजायच्या. एकदा जावई दारात आले, तर त्यांनाही चौसष्ट होईपर्यंत उन्हात उभं केलं. वर म्हणाल्या, "जावई परत येत्यात, आकडा येत न्हाई."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मोटर फिरते कशी, हे वर्गात कळलं नव्हतं आणि सरांना विचारायचं धाडस नव्हतं. सुट्टीत मी अक्कांच्या हाताखाली बसायचे, त्यांनाच विचारलं.

"आमी तिघी जावा जात्याभवती बसायचो. खुंटा हिच्याकडनं तिच्याकडं. बाया जागच्या हलत्यात का? पण जातं फिरतं. तीन फेजचं तसंच. तारा जागेवर, ओढ तेवढी एकीकडनं दुसरीकडं जाती. मधला रोटर तिच्यामागं पळतो."

"आणि उलटा पळाला तर?"

"दोघींनी जागा बदलल्या आसत्याल. दोन वायरी बदलायच्या, झालं."

परीक्षेत मी जातं तेवढं गाळून बाकी सगळं लिहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात पासली गावाकडच्या एका वाडीची मोटर आली. वाडीचं पिण्याचं पाणी तिच्यावरच. ती घेऊन आलेले काका उंबऱ्याशी बसले होते. कॉइलला चौसष्ट वेढे हवे होते. अक्का मोजत होत्या, "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेपन्न, चोपन्न..."

मधले दहा वेढे गळाले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मोजताना बोलायचं नसतं, आणि परक्या माणसासमोर अक्कांची चूक मी कशी काढू? नंतर सांगू, म्हटलं. नंतर त्यांनी चहा ठेवला आणि मला ते जमलंच नाही.

आठवड्यात मोटर जळून परत आली. वेढे कमी पडले की तार जास्त करंट ओढते, तापते. हे मी शिकले होते.

"बाया पुन्ना झऱ्यावर चालल्यात, अक्का," काका एवढंच म्हणाले.

अक्कांनी जळालेली कॉइल कापून माझ्यापुढं ठेवली. "मोज."

चोपन्न भरले.

"चौसष्ट," मी म्हणाले.

त्यांनी कॉइल घेतली, एकेक तार नखानं बाजूला करत पुन्हा मोजली आणि बारीक हसल्या. "कॉलेजात मोजाय शिकिवत न्हाईत व्हय गं?"

मग काकांकडं वळल्या. "चूक माजी हाय. मोटर कामथडीच्या कारागिराकडं न्या. तार माज्याकडची घिऊन जावा, मला आता लागायची न्हाई."

काका गेल्यावर त्यांनी साचा पोत्यात घातला.

"तुला तवाच कळलं हुतं न्हवं?"

मी पोत्याचं तोंड धरून उभी राहिले. त्यांनी गाठ मारली.