ताईंनी खुशीने सोडलेला हक्क

महिना झाला ताईंना जाऊन. सकाळी भाकऱ्या थापत होते, तोच खारघरहून भाचीचा फोन, "मामी, आई गेली... माहेरची साडी घेऊन या." बाईमाणूस गेलं की अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. आमचे हे मटकन खाली बसले, आणि मी पिठाच्या हातानेच पाकीट शोधू लागले.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. सासऱ्यांची शेती सरकारने घेतली, बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला, त्यावर आमची इमारत. त्यात ताईंचाही हक्क होता. "वारसनोंदीचा कागद हाय, सही कर," असं सांगून ह्यांनी त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. मला कळलं ते आठवड्याने, कपाट आवरताना. भांडले, अबोला धरला. "घरातलं घरात ठेव," एवढंच उत्तर. लेकरं घेऊन जाणार कुठे? त्याच घरात रांधत राहिले.

ताई मात्र दर भाऊबीजेला यायच्या, ओवाळायच्या. मग गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे बोट दाखवायच्या, "हितं आपला खला होता गो, भात झोडायचा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तो कागद..." त्यांनी माझा हात दाबला. "मना वाचता येतं गो वयनी. भावान मागितला असता त दिलाच असता. पन तू बोलू नको. बोललीस त मना हितं यायला तोंड नाय रवनार." झालं! करून गेले हे, आणि कुलूप माझ्या तोंडाला.

तेराव्याला हे डोळे पुसत पाहुण्यांना सांगत होते, "बहिणीने हक्क खुशीने सोडला हो, एका शब्दाने कधी बोलली नाय." आता ताई नव्हत्या, त्यांच्या येण्याजाण्याचा प्रश्न नव्हता. भाची भात वाढत होती, ती माझ्यापाशी थांबली. "खरंच मामी? आईने खुशीने सही केली?"

"हो गं," मी म्हणाले.

तिचा चेहरा निवला. "बरं झालं. मला उगाच वाटायचं, मामाने फसवलं." आणि तिने मला आग्रहाने आणखी भात वाढला. मी तो खाल्ला... काय करणार?

इतकी वर्षं नवऱ्याच्या करणीने पोळले. तेराव्याचं खोटं मात्र माझं आहे. पोरी, तुझ्या आईला फसवलं गं. तोंडाने जमलं नाही, म्हणून इथे पेपरात लिहिलं. आमच्या घरी रविवारची पुरवणी सगळ्यांच्या आधी हेच वाचतात.