आप्पाकाकांचं गाऱ्हाणं

राजापूरहून दुपारी येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला. रत्नागिरीच्या स्टँडमागेच माझी शाळा. तो दाराशी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला, तेव्हाच मी काय ते समजले. "बाई, तुमचे आप्पाकाका गेले. सकाळी, चहा पिऊन झाल्यावर." चहा पिऊन झाल्यावर... हे त्यानं मुद्दाम सांगितलं, आणि का कोण जाणे, मला त्याचं बरं वाटलं. एरवी काकांचा चहा कायम निवलेला. कुणाशी तरी देशाबद्दल भांडण चाललेलं असे आणि कप तसाच राही.

आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढून गावी परतले, ते सामानाबरोबर राग घेऊनच. आमच्या वाडीला आडवा एक पऱ्या वाहतो. इतर दिवसांत गुडघाभर पाणी, पावसाळ्यात मात्र भलताच माजतो. त्यावर पोफळीची खोडं टाकून दरसाल साकव घालायचा आणि दरसाल तो वाहून जायचा. पक्क्या पुलाची कोनशिला तेवढी थाटात बसली होती, हारतुऱ्यांसकट. पूल काही आला नाही. काका संध्याकाळी त्या कोनशिलेवर बसून ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकत. "सरकारनं पुरं केलेलं येवढंच बांधकाम हाय, बाय. निदान बसून तरी घेतो." मी सुटीत गेले की शेजारी बसायची. पलीकडच्या काजूंमधून ऊन हळूहळू उतरत असे, पाण्यावर पिवळी पानं तरंगत जात, आणि बातम्यांतला देश त्या पाण्याच्या आवाजात मिसळून जाई... दिल्ली कुठे संपली आणि आमची वाडी कुठे सुरू झाली, ते कळेनासं होई.

काकांचा राग पुढाऱ्यांवर होताच, पण त्याहून जास्त आपल्या माणसांवर होता. कुणी "आपल्याकडं असंच चालायचं" म्हटलं की ते ट्रान्झिस्टर बंद करत. "आपल्याकडं म्हंजे कुणाकडं? नाव सांग!" मग घरातून काकीची हाक ठरलेली. "अवो, पुरे आता. चा निवला." त्यांना गप्प करण्यातच बिचारीचा जन्म गेला.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते. तिथं देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराचा, आणि काकांचा आवाज खणखणीत. ते एकेक मागणं मागत आणि प्रत्येक मागण्यामागे सारी वाडी एका सुरात म्हणे, "होय म्हाराजा!" एका वर्षी निवडणुकीतले पाहुणे पुन्हा हार घेऊन, पुलाचं वचन देऊन गेले होते. त्या शिमग्यात काकांनी नेहमीसारखी सुरुवात केली. मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव. होय म्हाराजा! गुरावासरांना राख. होय म्हाराजा! मग त्याच चालीत, आवाज जराही न बदलता, "पूल न्हाय झाला तरी आमी गप ऱ्हावू, म्हाराजा..." "होय म्हाराजा!" "जो येल त्याला हार घालू, नि पाठ वळली का शिव्या देवू..." "होय म्हाराजा!" "पोरं पऱ्यातनं व्हावून गेली तरी असंच चालायचं म्हणू..." "होय म्हाराजा!"

मी पदरात तोंड लपवून हसत होते. काका वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "अरे, मी काय बोललो ते आयकलाव तरी? एक जण तरी न्हाय म्हणंल, म्हणून थांबत होतो रे..." लोक खो खो हसले. आप्पांनी काय फिरकी घेतली, म्हणाले. ढोल सुरू झाला. काकांनी हातातला नारळ गुरवाकडे दिला, तो कायमचाच. पुन्हा त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही.

पुढे एकदा मी वैतागून म्हटलं, एवढा त्रास होतो तर मुंबईलाच राहायचं होतंत. त्यांनी ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक केला. "तिथं कुणावर रागावू, बाय? तिथं माझं कोण हाय?"

काका माघात गेले. यंदाच्या शिमग्याला मी गावी होते. सहाणेवर मोहराचा वास भरून राहिला होता, उन्हात गुलाल तरंगत होता, आणि काका आत्ता गर्दीतून पुढे येतील असं उगीचच वाटत होतं... गुरवानं गाऱ्हाणं घातलं. भला माणूस, शेवटी गहिवरून म्हणाला, "आप्पाचा राग आता शांत कर, म्हाराजा. त्याला गप झोपू दे."

लोकांनी तोंडं उघडली, पण त्याआधीच बायकांच्या बाजूनं आवाज आला. "नको म्हाराजा!"

काकी होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी. "त्यांचा राग ऱ्हाऊ दे. पूल होईस्तवर तरी ऱ्हाऊ दे."

'नको'च्या पुढे काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ढोलवाल्याचा हात तसाच वर राहिला. मला रडू आवरेना. हे ऐकायला ते हवे होते, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

संध्याकाळी घरात काकी दिसेना. पाहते तर कोनशिलेवर, ट्रान्झिस्टर कानाशी लावून बसलेली. बातम्या त्याच होत्या. मी तिच्याजवळ चहा नेऊन ठेवला. काजूंमागे ऊन गेलं, पऱ्याचं पाणी काळसर झालं, तरी ती हलेना.

"काकी, चहा निवतोय गं."

"निवू दे," ती म्हणाली.