उत्तर दरवाजा, दोन वाजून चाळीस

माझं शेवटचं पोस्टिंग भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर होतं. यूएनची ड्यूटी. लढाई थांबवून समोरासमोर बसलेल्या दोन फौजांच्या मधे मोकळा पट्टा, त्याला लागून जुन्या शहराची मध्ययुगीन तटबंदी. मी हवालदार, सेक्शन कमांडर. सोबत गुहागरचा नाईक सावंत.

सकाळी साडेपाचला तटावरून गस्त. खाली शहर झोपलेलं. दगड हळूहळू मधाच्या रंगाचे होत, पाकोळ्या बुरुजाभोवती फिरत, आणि समुद्र कुठे संपतो ते कळत नसे. सावंत म्हणायचा, "उस्ताद, आपण जागे आहोत ना?"

उत्तर दरवाजा बंद होता. कमान खचली होती, लाकडी टेकूंवर उभी. खालून कुणीही जायचं नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर.

एका दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पट्ट्यातलं वाळलं गवत पेटलं. मी बुरुजावर होतो, सावंत खाली दरवाज्याशी, शहराच्या बाजूला. तटाबाहेर दोन म्हाताऱ्या बहिणी भिंतीवरच्या झुडपांच्या कळ्या खुडत होत्या. लोणच्यासाठी. धुरात त्यांना वाट दिसेना. मागे आग, पुढे हा दरवाजा.

वायरलेस सेटवर सावंतचा आवाज आला. "उस्ताद, कुलूप तोडू? कमानीखालून जाऊ?"

टेकूंना धग लागत होती. मला दिसत होतं.

"जा," मी म्हणालो.

पहिलीला त्याने उचलून आणलं. दुसरीसाठी परत गेला. दोन चाळीसला तिला त्याने आतल्या बाजूला ढकललं आणि कमान खाली आली. आवाज मोठा नव्हता. धूळ मात्र बराच वेळ उन्हात तरंगत राहिली. मी सेटवर हाक मारत होतो.

आता मी आखातात, जबल अलीत एका वेअरहाऊसवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मागच्या रविवारी सावंतची मुलगी अनघा भेटायला आली. इकडेच रुवैसला इंजिनियर आहे. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. कॅन्टीनमध्ये चहा घेतला. तिने सरळ विचारलं,

"काका, बाबा स्वतःहून कमानीखाली गेले?"

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी खरं ते सांगितलं होतं. त्याच्या घरी मात्र कधी सांगायला गेलो नाही.

"नाही. त्याने विचारलं. मी जा म्हणालो."

तिने कप खाली ठेवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"त्यांनी विचारलं होतं?"

"हो. कमानीकडे एकदा वर बघितलं, मग विचारलं."

"आई अजून म्हणते, हा माणूस आमचा विचार न करता धावला." तिने डोळे पुसले. "म्हणजे विचार करायला थांबले होते. काका, हे तिला तुम्ही सांगा."

तिने तिथूनच गुहागरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?"

मी उठून उभा राहिलो. "वहिनी, मी हवालदार शिंदे. सावंतबद्दल बोलायचं होतं."